भाड्याच्या मातीवरचा खेळ

ब्रिटनमधल्या स्पीडवेची गोष्ट सांगायची तर सुरुवात कुत्र्यांपासून करावी लागते. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू भागात यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांची शर्यत भरली आणि बघता बघता कामकरी ब्रिटनला तिचं वेड लागलं. घोड्यांच्या शर्यती दिवसाढवळ्या, गावाबाहेर, कामाचा खाडा करून बघाव्या लागत. ही शर्यत संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, घरापासून जवळ, आणि पैज लावायची सोय जागेवरच. दोन-तीन वर्षांत शहरोशहरी कुत्र्यांसाठी स्टेडियम उभी राहिली. मध्ये हिरवळ, भोवती लंबगोल पट्टा, उभं राहायला पायऱ्या. पण कुत्री काही रोज धावत नसत. रिकाम्या रात्रींसाठी मालकांना भाडेकरू हवा होता. १९२८ साली तो मिळाला : ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींची शर्यत.

मी या खेळाचा जुना शौकीन. मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथच्या घरघरीत वाढलेला. मेकॅनिकलचा डिप्लोमा पदरात पडल्यावर कामाचं व्हाउचर मिळवून साठच्या दशकाच्या अखेरीस कॉव्हेंट्रीला आलो आणि एका मोटार कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो. तेव्हापासून जे पाहिलं, जुन्या माणसांकडून जे ऐकलं, ‘स्पीडवे स्टार’च्या अंकांत जे वाचलं, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. या खेळाचं भाग्य आणि या खेळाचा घात, दोन्ही त्या पहिल्या भाडेकरारात आहेत. खेळ लोकांचा होता, पण त्याखालची जमीन फार क्वचित त्यांची होती.

खेळ आला ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंडच्या कृषी प्रदर्शनात, डिसेंबर १९२३ मध्ये, जॉनी हॉस्किन्स नावाच्या उत्साही सचिवाने गर्दी खेचायला मातीच्या पट्ट्यावर मोटारसायकली पळवल्या, ही त्याची रूढ जन्मकथा. ब्रिटनमध्ये १९ फेब्रुवारी १९२८ हा या खेळाचा वाढदिवस मानतात. कॅम्बर्ली आणि ड्रॉयल्सडेनचे लोक १९२७ च्या आपापल्या शर्यतींचा दाखला देऊन भांडतात, पण लोकांच्या मनात नाव बसलं ते हाय बीचचं. लंडनच्या कडेला एपिंग फॉरेस्टमध्ये, ‘किंग्ज ओक’ पबच्या मागच्या मैदानात इल्फर्ड मोटारसायकल क्लबने ती शर्यत भरवली. काही हजार माणसं येतील असा अंदाज होता. आली त्याच्या कितीतरी पट. त्या दिवसाच्या फोटोंत ट्रॅकच्या आतल्या बाजूलाही माणसांची भिंत उभी दिसते, मधून मोटारसायकली चालल्या आहेत. त्याच वर्षी देशभर डझनावारी ट्रॅक सुरू झाले. इतक्या झटपट ते झालं, कारण कुत्र्यांची स्टेडियम दिव्यांसकट तयार उभी होती. कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन गावातही पहिली शर्यत १९२८ सालीच झाली.

ब्रँडनला मला नेलं ते आमच्या टूलरूमच्या चार्जहँडने. “तुला इंजिनातलं कळतं ना? मग शनिवारी चल,” एवढंच म्हणाला. कॉव्हेंट्री बीज, म्हणजे आमचा मधमाश्यांचा संघ, तेव्हा जोरात होता. १९६८ मध्ये तो ब्रिटिश लीगचा विजेता ठरला. कर्णधार नायजेल बूकॉक निळ्या चामडी पोशाखात उतरायचा, एवढ्याशा चणीचा माणूस, आणि त्याचं नाव पुकारलं की पायऱ्या हलायच्या.

ज्यांनी स्पीडवे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक शर्यत नीट सांगतो. पाचशे सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, एकच गिअर, ब्रेक नाहीत. इंधन पेट्रोल नव्हे, मेथॅनॉल. ते जळताना इंजिन फार तापत नाही, म्हणून कॉम्प्रेशन खूप वाढवता येतं आणि ताकद काढता येते. स्वाराच्या डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला. चौघे जण फितीपाशी येतात. त्याआधी प्रत्येक जण बुटाने माती उकरून आपल्या मागच्या चाकापुरती जागा करतो, पकड मिळेल अशी. कोणी दोनदा उकरतो, कोणी पाण्याने ओली झालेली जागा टाळून वीतभर बाजूला सरकतो. फीत वर जाते, क्लच सुटतो, आणि पहिल्या वळणाकडे चौघे एकदम झेपावतात. वळणावर वेग कमी करायचा नाही, उलट थ्रॉटल उघडायचा. मागचं चाक जागच्या जागी गरगरत बाहेर फेकलं जातं, पुढचं चाक उजवीकडे वळवायचं, पोलादी पाय जमिनीवर घासत ठेवायचा, आणि मोटारसायकल आडवी होऊन डावीकडे वळते. चार फेऱ्या, साधारण मिनिटभर. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा.

मी पहिल्यांदा बघत होतो ते टूलरूमच्या नजरेने. मागच्या चाकाने उडवलेली ट्रॅकवरच्या शेल खडकाची लाल भुकटी अंगावर आली, दातांत करकरली, पण माझं लक्ष आवाजात होतं. वळणात शिरताना इंजिनचा सूर खाली जात नव्हता, चढत होता. आणि वास एरंडेलाचा. इंजिनात घालायचं वंगण एरंडेलापासून केलेलं असायचं, कारण एवढ्या ताणाखालीही त्याचा थर तुटत नाही. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल कॉव्हेंट्रीच्या धुक्यात असं समोर येईल, हे मनातही नव्हतं. शर्यती संपल्यावर चार्जहँडने मला पिट्समध्ये नेलं. स्वार स्वतः गुडघ्यावर बसून चेन काढत होता, शेजारी त्याचा भाऊ रॉकेलच्या डब्यात स्प्रॉकेट धूत होता. जुन्या माणसांच्या तोंडी तेव्हाही जॅपचं नाव असे. टॉटनहॅमच्या जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्यातलं ते इंजिन १९३० पासून तीसेक वर्षं या खेळावर राज्य करून गेलं. पुढे चेकोस्लोव्हाकियातून एसो आणि जावा आली, मग इंग्लंडचं वेस्लेक, त्यानंतर इटलीचं जीएम.

त्या काळी लीगच्या सामन्यात तेरा हीट, म्हणजे अशा तेरा शर्यती, असत, एकूण ७८ गुण. प्रत्येक शौकिनाच्या हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन. यजमानांची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी-काळी. हीट संपली की चौकटीत नाव, गुण, वेळ भरायची. शहरातल्या काही पबांत आमच्यासारखा माणूस आत आला की संभाषण थांबायचं. ब्रँडनच्या तिसऱ्या वळणावर शेजारचा माणूस मी कुठला हे विचारायच्या आधी विचारायचा, “सहाव्या हीटला दुसरा कोण आला? माझं पेन चाललं नाही.” परदेशात आल्यावर माझं असं वाटलेलं ते पहिलं ठिकाण.

माझ्या आधीचा काळ मला तिथल्याच माणसांनी सांगितला. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव वेम्ब्लीचं. आर्थर एल्विन यांनी १९२७ मध्ये ते स्टेडियम घेतलं, कुत्र्यांच्या शर्यती आणल्या, आणि १९२९ पासून वेम्ब्ली लायन्स हा स्पीडवे संघ चालवला. १९३६ मध्ये तिथे पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन त्या रात्री पाचही शर्यती जिंकला आणि तरीही जगज्जेता झाला नाही, कारण आधीच्या फेऱ्यांचे जादा गुण मोजायची पद्धत होती. किताब लायनेल व्हॅन प्रागला गेला. हे सांगताना ऐंशीच्या घरातला एक म्हातारा असा चिडायचा, जणू कालच झालं. विल्किन्सनला किताब मिळाला १९३८ मध्ये. १९३९ ची अंतिम स्पर्धा सप्टेंबरात होती, आणि सप्टेंबरात युद्ध सुरू झालं.

युद्धानंतर लोकांच्या हातात थोडे पैसे होते आणि करमणुकीची भूक मोठी होती. फुटबॉलच्या कपसाठी प्रसिद्ध असलेलं वेम्ब्ली दर आठवड्याच्या लीग सामन्याला माणसांनी फुलायचं. मग भारी करमणूक कर, घराघरांत शिरलेला टीव्ही, आणि एकामागून एक बंद पडणारे ट्रॅक. १९५७ मध्ये एल्विन वारले आणि त्याच वर्षी लायन्सनी लीग सोडली. इतका मोठा संघ एका जागामालकाच्या आवडीवर उभा होता, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

ओस पडू लागलेल्या या जागांवर १९५४ मध्ये दुसरा भाडेकरू आला. १६ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, लंडनच्या न्यू क्रॉस स्टेडियममध्ये ब्रिटनमधली पहिली स्टॉक कार शर्यत झाली. भरवणारा डिगर प्यू, तोही ऑस्ट्रेलियन. आत २६ हजारांच्या आसपास माणसं होती आणि बाहेर आणखी हजारो ताटकळली. भंगारातून आणलेल्या जुन्या मोठ्या मोटारी, पुढेमागे पोलादी बंपर ठोकलेले, आणि नियम असा की धक्का द्यायला परवानगी. त्याच वर्षी ब्रँडनलाही स्टॉक कार आल्या. तिथले व्यवस्थापक चार्ल्स ऑकिलट्री यांनी दोन्ही खेळ चार दशकांहून अधिक काळ एका छपराखाली नांदवले, हे कॉव्हेंट्रीचं वेगळेपण.

स्टॉक कारला नुसती धडकाधडकी म्हणणाऱ्यांनी तिची प्रतवारी समजून घ्यावी. मोटारीच्या टपाचा रंग चालकाची पायरी सांगतो : पांढरा नवख्यांचा, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत वर लाल. सुरुवात उलट क्रमाने. पांढरे पुढे, लाल शेवटी. त्यांतले जे सर्वांत तरबेज, त्यांच्या टपावर लुकलुकणारे दिवे. जगज्जेत्याचा टप वर्षभर सोनेरी. म्हणजे जो जितका चांगला, त्याला तितक्या मोटारी बाजूला सारून पुढे यायचं. बंपरचा धक्का कुठे द्यायचा, वळणाच्या आधी की वळणात, मागच्या कोपऱ्याला की मधोमध, हे सगळं मोजूनमापून असतं. कोपऱ्याला दिला तर समोरचा गरगरतो आणि त्यात आपणही अडकू शकतो. मधोमध, वळणाच्या तोंडाशी दिला तर तो रुंद जातो आणि आतली वाट मोकळी होते. लँकेशरचा जॉन लंड आठ वेळा जगज्जेता झाला, आणि त्याचा ५३ नंबर दिसला की पुढचे आरशात बघू लागत. स्टुअर्ट स्मिथचा ३९१ पुढे त्याच्या मुलाने, अँडीने, चालवला. त्यालाही लोक त्याच नंबराने हाक मारायचे.

या मातीने मोठ्या रस्त्यावरही माणसं पाठवली. जुना स्टॉक कार जगज्जेता जॉनी ब्रीज याचा मुलगा टोनी फॉर्म्युला वनपर्यंत पोचला आणि १९७५ मध्ये ग्रॅहम हिलबरोबर विमान अपघातात गेला. डेरेक वॉरिक १९७३ मध्ये विम्बल्डनच्या ट्रॅकवर सुपरस्टॉक्स या स्टॉक कारच्या प्रकारात जगज्जेता झाला, तोही पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेला. आमच्या कारखान्यातली कितीतरी माणसं शनिवार-रविवार कोणाच्या तरी मोटारीखाली आडवी झालेली असत. दिवसा इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून काम करणारा फिटर रात्री परसातल्या शेडमध्ये भंगाराच्या गर्डरमधून चासी जोडायचा. या शहराला मोटार बनवता येत होती आणि हे शहर आपल्या हाताने तिच्याशी खेळतही होतं.

१९७६ मध्ये डेन्मार्कचा ओले ओल्सेन कॉव्हेंट्रीला आला आणि आमचे सोन्याचे दिवस सुरू झाले. १९७८ आणि १९७९, लागोपाठ दोन वर्षं आम्ही लीग जिंकलो. १९७८ चा जगज्जेताही ओल्सेनच. पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती ५ सप्टेंबर १९८१ ची वेम्ब्ली, जिथे ती शेवटची जागतिक अंतिम स्पर्धा ठरली. ९२ हजारांवर माणसं. शाळकरी लेकीला बरोबर नेली होती, कार्यक्रमपत्रिका भरायचं काम तिच्याकडे. अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल तेव्हा आमच्या शेजारच्या क्रॅडली हीथकडून खेळायचा, म्हणजे आमचा हाडवैरी. सातव्या हीटमध्ये त्याने ओल्सेनला अगदी रेषेवर गाठलं. चौदाव्या हीटमध्ये आमच्याच टॉमी क्नुडसेनला तसंच, चाकाच्या फरकाने. लेक म्हणाली, “बाबा, दोन्ही वेळा आपलेच कसे हरले?” पेनहॉल १४ गुणांनी जगज्जेता झाला. ओल्सेन आणि क्नुडसेन १२-१२ वर बरोबरीत, मग दुसऱ्या जागेसाठी कॉव्हेंट्रीचेच दोघे समोरासमोर, त्यात ओल्सेन जिंकला. परतीच्या बसमध्ये क्रॅडलीचे लोक शेजारी गात होते आणि आम्ही त्यांच्याशी हात मिळवले, कारण तसं स्पीडवे आम्ही पुन्हा बघणार नाही हे दोघांनाही कळलं होतं.

या खेळाने जीवही घेतले. दोनदा जगज्जेता झालेला मँचेस्टरकडून खेळणारा पीटर क्रेव्हन १९६३ मध्ये एडिंबरोच्या अपघातात गेला. जुलै १९७० मध्ये बेल्जियममधल्या लोकेरनजवळ वेस्ट हॅमच्या स्वारांची गाडी अपघातात सापडली आणि अनेक जण दगावले. १९८९ मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑड्सलवर क्रॅडली हीथचा एरिक गुंडरसन पहिल्याच हीटच्या पहिल्या वळणावर पडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्या रात्री चारचौघांत बोलायला शब्द नव्हते. तरी पुढच्या शनिवारी ट्रॅक भरले, आणि त्याच्यासाठी प्रत्येक ठिकाणी डबे फिरले.

लोक कमी झाले म्हणून ट्रॅक गेले, असं वरवर सांगतात. लोक कमी झाले हे खरं आहे, पण घाव वेगळीकडून बसला. १९६० च्या कायद्याने पैजेची दुकानं गल्लोगल्ली उघडायला परवानगी दिली. मे १९६१ पासून ती सुरू झाली. कुत्र्यांवर पैसे लावायला आता स्टेडियमपर्यंत जायची गरज उरली नाही. जागामालकाचं उत्पन्न आटलं आणि त्याच सुमारास शहरातल्या जमिनीचा भाव चढू लागला. भाडेकरू कितीही लोकप्रिय असो, विकायचं ठरलं की त्याला विचारतो कोण? न्यू क्रॉस १९६९ मध्ये गेलं, वेस्ट हॅम १९७२ मध्ये. हॅरिंगेच्या जागी सुपरमार्केट आलं. व्हाइट सिटीच्या जागेवर बीबीसीची इमारत उठली. मँचेस्टरच्या हाइड रोडवरचं बेल व्ह्यू, जिथे पन्नासहून अधिक वर्षं स्पीडवे चाललं, १९८७ मध्ये संपलं आणि तिथे मोटारींचे लिलाव होऊ लागले. क्रॅडली हीथने पेनहॉल, गुंडरसन, यान पेडरसन असे जगज्जेते खेळवले. त्यांच्या डडली वूडवर १९९५ नंतर घरं बांधली गेली. हॅकनीच्या जागी २०१२ च्या ऑलिम्पिकचं पत्रकार केंद्र आलं. विम्बल्डनमध्ये २०१७ पर्यंत स्टॉक कार धावत होत्या. आता तिथे फुटबॉलचं मैदान आणि फ्लॅट आहेत.

आमचं ब्रँडनही त्याच वाटेने गेलं. जागा विकासकांच्या हाती गेली, २०१६ च्या हंगामानंतर दारं बंद झाली, मग तोडफोड, आगी. जागा ब्रँडन गावाची, म्हणून निर्णय रग्बी बरो कौन्सिलचा, आणि प्रेक्षक बहुतेक कॉव्हेंट्रीचे. तरीही आम्ही शौकिनांनी कागद जमवले, सभांना बसलो, हिशेब मांडले, आणि २०२२ मध्ये कौन्सिलने घरांचा अर्ज फेटाळला. म्हातारी माणसं काठी टेकत त्या बैठकांना आली होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

पोलंडकडे पाहिलं की माझं म्हणणं पटेल. आज जगातली सर्वांत तगडी स्पीडवे लीग तिथे आहे, आणि तिथली बहुतेक स्टेडियम नगरपालिकांची आहेत. टोरून शहराने २००९ मध्ये नवं स्टेडियम स्पीडवेसाठी बांधलं. मँचेस्टरच्या कौन्सिलच्या पुढाकाराने २०१६ मध्ये बेल व्ह्यू भागात राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं, आणि बेल व्ह्यूचा संघ तिथे उतरला. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी खासबाग मैदान कुस्तीसाठी उभारलं, १९१२ पासून ते कुस्तीचंच राहिलं, कारण त्या मातीवर कोणा एकाची मालकी नव्हती.

म्हणून नव्या पिढीला मी जुन्या विजयांच्या गोष्टी सांगतो, पण त्याहून जास्त जमिनीच्या नोंदी वाचायला सांगतो. इप्सविचच्या फॉक्सहॉलला अजून स्पीडवेही चालतं आणि स्टॉक कारही. ते टिकवायचं असेल तर शिट्ट्या आणि स्कार्फ पुरणार नाहीत. जागा कोणाच्या नावावर आहे, करार कधी संपतो, विकास आराखड्यात तिच्यावर काय रंग आहे, हे शौकिनांना तोंडपाठ हवं. माणूस पेनने हीटचे गुण भरायला शिकतो, तसं हेही शिकता येतं. ब्रँडनला मातीचा ट्रॅक पुन्हा व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो झाला तर या वेळी तो कोणाच्या खिशातला नसावा, शहराचा असावा.